बोटातला मोती: अंगठी घेताना काय बघावं, घेतल्यावर कशी जपावी

मोत्याची अंगठी घ्यायला दुकानात जाण्याआधी एक दिवस स्वतःच्या हाताकडे लक्ष ठेवा. सकाळचा ब्रश, चहाचं आधण, कणीक, लिंबू पिळणं, डबे भरणं, स्कूटरची मूठ, ऑफिसात की-बोर्ड, बसमधला दांडा, संध्याकाळी पुन्हा भांडी. गळ्यातला मोती कपड्यावर नुसता टेकलेला असतो, कानातला तर हवेतच असतो. बोटातला मोती मात्र यातल्या प्रत्येक कामात हाताबरोबर जातो. सगळ्या दागिन्यांत मोत्याला अंगठी ही जागा सर्वांत अवघड, आणि गळ्यातल्या सरात जो मोती खपून जातो तो अंगठीत टिकेलच असं नाही.

माझा मोत्यांशी रोजचा संबंध आहे. लग्न होऊन पुण्यात रविवार पेठेत आले ती दागिने गाठवणाऱ्यांच्या घरात. सासरे तन्मणी, चिंचपेट्या, नथा गाठवायचे. पहिली दोन वर्षं त्यांनी मला फक्त मोती निवडायला बसवलं: एका रंगाचे, एका मापाचे, एका पाण्याचे वेगळे करायचे. सुई त्यानंतर हातात आली. आता या कामाला ३१ वर्षं झाली. अंगठ्या आमच्याकडे येतात त्या बहुतेक दुखणं घेऊनच येतात. मोती निसटलेला असतो, पिवळा पडलेला असतो, नाहीतर एका अंगाने खरवडलेला असतो.

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीचीच अंगठी आली. साखरपुड्यात मिळालेली, दहा मिलिमीटरचा टपोरा मोती, वर्षही पुरं झालेलं नव्हतं. मोत्याच्या माथ्यावरची चकाकी जाऊन तिथे खडूसारखा पांढरा ठिपका झाला होता आणि मोती जागच्या जागी डुगडुगत होता. "मावशी, मी खूप जपून वापरत होते गं," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. जपत होतीच ती. पण मोती पातळ थराचा होता, आणि ती दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे दिवसातून पंधरा-वीस वेळा त्यावर सॅनिटायझर जात होतं. तिला नवी अंगठी करून द्यायला आम्ही दोघी बसलो तेव्हा तिला जे सांगितलं, ते सगळं इथे लिहिते.

आधी मोती म्हणजे काय ते

हिरा, माणिक, नीलम हे खनिज दगड. मोती शिंपल्यातल्या जिवाने पापुद्र्यावर पापुद्रा चढवून केलेला असतो. हे पापुद्रे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे आपल्या खडूच्या, चुनखडीच्या जातीचे. प्रत्येक पापुद्रा साधारण अर्धा मायक्रॉन जाडीचा, आणि त्यांना धरून ठेवायला मध्ये काँकिओलिन नावाचं प्रथिन. शिवाय दोन ते चार टक्के पाणी. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १०, माणिक-नीलम ९ आणि मोती अडीच ते साडेचार. घरातल्या धुळीत जी बारीक वाळू असते ती ७. म्हणजे कोरड्या धुळकट फडक्याने मोती पुसला तरी त्यावर ओरखडे उठतात.

आणि आंबट. शहाबादी फरशीवर लिंबाचा थेंब पडून राहिला की तिथली चकाकी जाऊन पांढुरका डाग पडतो, तो कितीही घासला तरी निघत नाही. मोत्याचं अगदी तेच होतं, कारण दोन्हींचा मूळ पदार्थ एकच. एवढं लक्षात राहिलं तर पुढच्या बऱ्याच सूचना तुम्हाला पाठ कराव्या लागणार नाहीत.

मोत्याचं पाणी

मोती निवडताना पहिली गोष्ट पाणी, दुसरीही पाणी. आकार, रंग, माप हे सगळं त्यानंतर. आपल्या भाषेत मोत्याच्या चमकेला पाणी म्हणतात ते किती नेमकं आहे, हे चांगला मोती हातात घेतल्याशिवाय कळत नाही. चमक वरून लावता येते, पाणी आतून येतं. उजेड त्या पापुद्र्यांत शिरतो, थराथरांवरून परत फिरतो, आणि म्हणून मोती आतून उजळल्यासारखा दिसतो.

दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली सगळेच मोती सुंदर दिसतात. अंगठी घेऊन दाराशी किंवा खिडकीशी या. थेट ऊन नको, सावलीतला दिवसाचा उजेड हवा. खाली साधा पांढरा कागद ठेवा. आता मोत्याचा रंग न पाहता त्यात काय दिसतंय ते पाहा. उत्तम पाण्याच्या मोत्यात खिडकीचे गज मोजता येतात, ट्यूबलाइटची कड रेघेसारखी उमटते. मध्यम मोत्यात तेच प्रतिबिंब दुधात पडल्यासारखं पसरतं. हलक्या मोत्यात नुसता पांढरट डाग दिसतो, कशाचा ते सांगता येत नाही.

सुटा मोती बघायला मिळाला तर तो कागदावर बोटाने हळूहळू लोळवा. लोळताना मोती मध्येच उजळ, मध्येच मंद असा डोळे मिचकावल्यासारखा दिसला तर वरचा थर पातळ आहे आणि आत बीज म्हणून घातलेला मणी खालून डोकावतो आहे. तसा मोती अंगठीत घालू नका. भाचीचा दहा मिलिमीटरचा मोती असाच मिचकावणारा होता.

तिच्यापुढे मी पाच मोती मांडले. तिचा हात आधी मोठ्याकडेच गेला, सगळ्यांचा जातो. मी म्हटलं, प्रत्येकात खिडकी शोध. ती वाकून बराच वेळ पाहत राहिली आणि मग साडेसात मिलिमीटरच्या मोत्यावर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, यात तर तुझी तुळस दिसतेय." खिडकीच्या कठड्यावरची कुंडी होती ती, मोहरीएवढी, पण पानांसकट. तोच मोती तिच्या अंगठीत बसला.

आकाराचं म्हणाल तर अंगठीला पूर्ण गोल मोत्याचा हट्ट धरू नका. खालून थोडा चपटा, ज्याला बटण मोती म्हणतात, तो बोटावर खाली बसतो, कमी आपटतो आणि गोल मोत्यापेक्षा स्वस्त मिळतो. वरून पाहणाऱ्याला तो गोलच दिसतो. आणखी एक गोष्ट आम्ही कारागीर स्वतःसाठी मोती घेताना करतो. अंगठीच्या मोत्याला खालून अर्धवट भोक पाडतात आणि तो भाग वाटीत झाकला जातो. तेव्हा ज्याचा एकुलता एक खड्डा नेमका भोकाच्या जागी जाऊ शकेल असा सुटा मोती निवडायचा. दिसायला निर्दोष मोती कमी पैशांत मिळतो. मात्र खड्डा बाजूला किंवा माथ्यावर असेल, विशेषतः त्यात बारीक भेग असेल, तर घेऊ नका. ठोकर लागली की चीर तिथूनच धावते.

रंग मोत्यावर ठरवू नका, हातावर ठरवा. मोती बोटांच्या मागच्या बाजूला ठेवून पाहा. आपल्या गव्हाळ-सावळ्या हातांवर पांढराफेक मोती थोडा परका वाटतो, सायीच्या रंगाचा किंवा किंचित गुलाबी झाक असलेला खुलतो. हे माझं मत आहे, तुमचा हात वेगळं सांगेल तर हाताचं ऐका. काळा, जांभळा, मोरपंखी असा गडद रंग असेल तर तो मुळातला की रंगवलेला हे विचारा. रंगवलेल्या मोत्यात भोकाच्या कडेला आणि खड्ड्यांत रंग जास्त साठलेला भिंगातून दिसतो.

सच्चा, कल्चर, बसरा

गिऱ्हाईक हमखास विचारतं, "सच्चा आहे ना, कल्चर नाही ना?" आज दुकानात मिळणारे जवळजवळ सगळे मोती कल्चर म्हणजे संवर्धित असतात, आणि कल्चर मोती खराच मोती असतो. शिंपल्यात बीज माणसाने घातलेलं असतं, पापुद्रे शिंपल्यानेच चढवलेले असतात. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली अर्धगोल मोती पिकवून दाखवला, गोल मोती त्यानंतर काही वर्षांनी आला, आणि पुढे पाव शतकात इराणच्या आखातातला मोत्यांचा धंदा बसला.

त्या आखातातल्या नैसर्गिक मोत्यांना आपण बसऱ्याचे मोती म्हणतो, कारण बसरा हे व्यापाराचं बंदर. ते मोती निवडायला, भोक पाडायला आणि विकायला मुंबईत येत. पुण्या-साताऱ्याकडच्या जुन्या घरांतल्या नथांमध्ये आणि तन्मण्यांमध्ये तेच आहेत. सासूबाईंच्या अंगठीतही बसऱ्याचा मोती आहे, साडेचार मिलिमीटरचा, सायीच्या रंगाचा. नवी अंगठी "बसरा" म्हणून कोणी सहज हातात ठेवत असेल तर तपासणीचा दाखला मागा. नैसर्गिक आणि कल्चर यातला फरक डोळ्यांना किंवा दातांना कळत नाही, त्यासाठी मोत्याचा एक्स-रे काढावा लागतो. मुंबईत जीआयए या रत्नं तपासणाऱ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत हे काम होतं. दाखला नसेल तर त्या मोत्याला कल्चरचाच भाव द्या.

रोज घालायच्या अंगठीसाठी मी गोड्या पाण्यातला मोती सुचवते. हे मोती मुख्यतः चीनमधून येतात. हैदराबादी म्हणून आपण जे आणतो त्यातले बहुतेक हेच, कारण हैदराबाद मोत्यांना भोक पाडण्याचं आणि व्यापाराचं ठिकाण आहे, मोती तिथे पिकत नाहीत. गोड्या पाण्यातल्या बहुतेक मोत्यांत मणी घालत नाहीत, त्यामुळे आतून बाहेरून तो सगळा मोतीच असतो. झिजला तरी खालून मोतीच निघतो. जपानी अकोयाचं पाणी काही औरच, आरशासारखं. पण त्यात आत शिंपल्याचा मणी आणि वर मिलिमीटरच्या काही दशांश एवढाच थर असतो. तो समारंभाला घाला, कणीक मळायला नको. ऑस्ट्रेलिया, इंडोनेशियाकडचे साउथ सी मोती मोठे, जाड थराचे आणि महाग. ताहितीचे काळसर-हिरवे तसेच. ज्यांना परवडतात त्यांनी जरूर घ्यावेत, पण नऊ-दहा मिलिमीटरच्या पुढचा मोती बोटावर उंच राहतो आणि उंच मोती दाराला आपटतो.

खोट्याबद्दल थोडक्यात. "शेल पर्ल" या नावाने जे मिळतं ते शिंपल्याच्या मण्यावर लेप दिलेलं असतं. ते वजनदार आणि थंड लागतं, त्यामुळे माणूस फसतो. भिंगातून पाहा: खऱ्या मोत्यावर बोटाच्या ठशासारख्या बारीक रेषा किंवा छोटे खळगे असतात, लेपाच्या मोत्यावर संत्र्याच्या सालीसारखा एकसारखा रवाळपणा असतो आणि भोकाशी लेप सोललेला दिसतो. दातावर अलगद घासला तर खरा मोती किंचित खरखरीत लागतो, लेपाचा बहुधा गुळगुळीत. पण ही परीक्षा एकदाच आणि मोत्याच्या खालच्या बाजूनेच करा, कारण दात मोत्यापेक्षा कठीण असतो. काही ठिकाणी गिऱ्हाइकाची खात्री पटवायला मोत्यावर काडी पेटवून धरतात किंवा सुरीने खरवडतात. तुम्ही विकत घेणार आहात त्या मोत्यावर असला प्रयोग करू देऊ नका.

बसवणूक

माझ्याकडे येणाऱ्या दहा अंगठ्यांपैकी निम्म्यांत मोती चांगला असतो आणि बसवणूक वाईट. गिऱ्हाईक मोत्यावर तास घालवतं आणि अंगठी उलटी करून बघतही नाही.

चांगली बसवणूक अशी असते. अंगठीवर मोत्याच्या बुडाच्या आकाराची छोटी वाटी, वाटीच्या मधोमध उभी सोन्याची खुंटी. मोत्याला खालून अर्ध्याहून थोडं खोल भोक, ते खुंटीवर गच्च बसणारं. खुंटीला आडवे चरे पाडलेले किंवा तिला पीळ दिलेला, म्हणजे चिकट द्रव्याला पकड मिळते. वाटीत मोत्याचं बूड सगळीकडून टेकलेलं. मोती आणि वाटी यांच्यामध्ये फट दिसली तर तिथे साबण, पीठ, घाम जाऊन बसणार आणि सहा महिन्यांत मोती हलायला लागणार. नुसत्या सपाट पत्र्यावर चिकटवलेला मोती तर घेऊच नका.

तपासायची रीत सोपी. एका हाताने अंगठीचं वेढं धरा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी मोती हलकेच फिरवून बघा. तो तसूभरही हलता कामा नये. मग अंगठी कानाशी नेऊन हलवा, टिकटिक ऐकू आली तर खुंटी आत सैल आहे.

हिऱ्यासारखी चार नखांत धरलेली मोत्याची अंगठी फोटोत छान दिसते. पण नखं मोत्यावर दाबली की ओरखडे पडतात आणि सैल सोडली की मोती सुटतो. दोन्ही बाजूंना सोन्याचे खांदे किंचित उचललेले असतील तर उत्तम, आपटणारी वस्तू आधी खांद्याला लागते. भाचीच्या अंगठीला आम्ही तसेच खांदे केले, दोन्हीकडे एकेक आंब्याचं पान, मोत्याच्या निम्म्या उंचीपर्यंत.

सोनं २२ कॅरेटचं मऊ असतं, त्याची बारीक खुंटी वाकते. मोत्याच्या अंगठीला मी १८ कॅरेट सांगते. घरातली मोठी माणसं कुरकुर करतात, पण खुंटी टिकते. चांदी घ्यायची असेल तर ऱ्होडियमचा मुलामा असलेली घ्या. साधी चांदी काळी पडली की ती उजळायला लोक चिंच, लिंबू किंवा बाटलीतलं द्रावण वापरतात आणि मोत्याचा बळी जातो.

माप दुपारनंतर द्या, त्या वेळी बोटं थोडी फुगलेली असतात. पण सैल अजिबात नको. वर जड आणि खाली सैल अशी अंगठी फिरून मोती तळहाताकडे जातो आणि मग मूठ मिटली की तोच चेपला जातो. पुढे माप कमी-जास्त करावं लागलं तर सोनाराला मोती आधी काढायला सांगा. डाख लावताना दिव्याची जी आच लागते तिने मोती तडकतो किंवा तपकिरी पडतो.

पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन आणि मोत्याचं वजन वेगळं लिहून घ्या. मोत्यासकट अंगठी काट्यावर टाकून सगळ्याला सोन्याचा भाव लागला तर तुमचं नुकसान. मोत्याचं वजन रत्तीत सांगितलं तर ग्रॅममध्ये विचारा, कारण रत्ती सगळीकडे एक धरत नाहीत. वजनाचा एक कॅरेट (सोन्याच्या शुद्धतेचा कॅरेट वेगळा) मात्र सगळीकडे ०.२ ग्रॅमच. सोन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघा. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला त्याशिवाय सोनं विकता येत नाही, दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना सूट आहे. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर घालून स्वतः पडताळता येतो. हा शिक्का फक्त सोन्याबद्दल बोलतो, मोत्याबद्दल काही सांगत नाही. म्हणून पावतीवर "गोड्या पाण्यातला कल्चर मोती" किंवा "अकोया" असे शब्द लिहून घ्या.

चंद्राचा मोती घालणाऱ्यांसाठी

आमच्याकडे येणाऱ्यांत पुष्कळजण पत्रिकेवरून मोती घालणारे असतात. चांदीत, करंगळीत, सोमवारी. श्रद्धेने घातलेला मोती मी तितक्याच आदराने बसवते. या अंगठीत मोती कोंदणात बसवून खालून उघडा ठेवतात, म्हणजे तो त्वचेला लागतो. त्यामुळे घामही थेट मोत्याला लागतो. ही अंगठी उतरवायची नाही असा नेम बऱ्याचजणांचा असतो आणि मग ती आंघोळीत, भांड्यांत, झोपेत हातातच राहते. गुरुजींना एकदा विचारून पाहा. अंघोळ आणि स्वयंपाकापुरती उतरवून देवापाशी ठेवायला बहुतेकजण हरकत घेत नाहीत.

दुसरं पंचामृत. त्यात दही असतं, मधही आंबटच. अंगठी रात्रभर पंचामृतात बुडवून ठेवलेली मी पाहिली आहे, मोत्याचं सगळं तेज गेलेलं होतं. दुधाचा थेंब लावा, साध्या पाण्याने लगेच पुसा, अभिषेक तेवढ्यानेही होतो.

रोजचा सांभाळ

क्रम लक्षात ठेवा. क्रीम, अत्तर, केसांचा स्प्रे, सॅनिटायझर, सगळं आधी, आणि ते सुकल्यावर अंगठी. घरी आल्यावर चप्पल काढली की लगेच अंगठी काढायची, चहा टाकण्याच्याही आधी. मोत्याला धरून ओढू नका, खालच्या वेढ्याला धरून काढा. मोत्याला धरून ओढलं की दर वेळी खुंटीला हिसका बसतो.

काढलेली अंगठी कुठे ठेवायची ती जागा एकच ठरवा. सिंकच्या वरच्या कठड्यावर नको, तिथून ती मोरीत जाते. ओट्यावर नको. देवघरातल्या हळदी-कुंकवाच्या करंड्याशेजारी तर मुळीच नको, हळदीचा पिवळा रंग मोत्यात आणि भोकात मुरतो आणि निघत नाही. मी भाचीला तिच्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, फ्रिजच्या वर, लाकडाची एक छोटी डबी ठेवून दिली आहे. आत जुन्या वायलच्या साडीचा तुकडा. दवाखान्यात जाताना अंगठी त्या डबीत राहते.

रात्री ठेवण्याआधी मऊ सुती कापडाचं टोक पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि मोती चारी बाजूंनी पुसा, मग कोरड्या टोकाने. अर्ध्या मिनिटाचं काम. घामातली आंबट-खारट ओल रोज निघून गेली तर मोती पिढ्यानपिढ्या टिकतो. सासूबाईंची अंगठी याची साक्ष आहे, आणि न पुसल्याने काय होतं त्याचीही. पन्नास वर्षं त्यांच्या बोटात होती. वरून मोती अजून उजळ आहे, पण मधल्या बोटाच्या बाजूने अंगठा फिरवला तर तिथे तो चपटा लागतो. शेजारच्या बोटाचा घाम आणि घासणं यांनी तेवढा मोती खाल्ला. त्या गेल्यावर मी तो खुंटीवर अर्धा वळवून घेतला, आता चपटी बाजू करंगळीकडे आहे.

महिन्या-दोन महिन्यांनी जरा नीट धुवायची तर वाटीभर कोमट पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचा एकच थेंब. अंगठी त्यात बुडवायची नाही. कापड बुडवायचं, पिळायचं, मोती पुसायचा, मग साध्या पाण्याच्या कापडाने दोनदा पुसायचं आणि टॉवेलवर रात्रभर उघडी ठेवायची. भोकात पाणी राहिलं तर चिकट द्रव्य सुटतं. अर्धा मोती पाठीमागे शिंपल्याचा तुकडा चिकटवून केलेला असतो, त्याला माबे म्हणतात. तशी अंगठी असेल तर पाण्याचा हात आणखी आखडता ठेवा.

टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, भांड्यांची पावडर, ब्रश, व्हिनेगर, चिंच, नेलपॉलिश काढायचं द्रव्य, यातलं काहीही मोत्याला लावू नका. सोनार प्रेमाने म्हणतो, "द्या ताई, मशीनमध्ये टाकून उजळून देतो." ते कंपनांचं आणि वाफेचं मशीन सोन्या-हिऱ्यासाठी आहे. मोती आहे असं अंगठी हातात देतानाच सांगा. मेंदी काढण्याआधी, केस रंगवण्याआधी, पोहायला जाण्याआधी आणि मोदकाची उकड मळण्याआधी अंगठी उतरलेली हवी.

ठेवणीतल्या अंगठीबद्दल दोन गोष्टी. सराफ दागिना गुलाबी कागदात देतात, घरी आल्यावर तो कागद काढून टाका, ओल लागली की त्याचा रंग मोत्यावर उतरतो. आणि बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा ओल शोषणाऱ्या पुडीबरोबर मोती ठेवू नका. त्याच्यातलं थोडंसं पाणी उडालं की वर कोळिष्टकासारख्या भेगा पडतात. मऊ कापडात, वेगळ्या कप्प्यात, सोन्याच्या कडांपासून आणि हिऱ्यांपासून लांब. बँकेच्या लॉकरमध्ये असेल तर वर्षातून दोन-तीनदा काढून दिवसभर घाला. गौरी, दिवाळी आणि संक्रांत हे तीन दिवस मी सगळ्यांना सांगते, म्हणजे विसर पडत नाही.

मोती निसटला तर

सुटलेला मोती घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवू नका. तो गोंद पांढरा पडतो, ठिसूळ होतो, आणि भोकात भरून राहिला की आम्हाला तो कोरून काढावा लागतो. तेव्हा भोक मोठं होण्याची भीती असते. मोती आणि अंगठी एकाच रुमालात, पण वेगवेगळ्या गाठींत बांधून कारागिराकडे न्या.

मी स्वतः काय करते ते सांगते, म्हणजे तुमचा कारागीर घाई करत असेल तर तुम्हाला कळेल. भोकातला जुना गोंद बारीक सामत्याने, म्हणजे भोक पाडायच्या हत्याराने, यंत्र न लावता, हाताने फिरवून काढते. खुंटीला पुन्हा चरे पाडते. मोती कोरडाच बसवून बघते, तो डुलला तर खुंटीला नवा पीळ देते. मग दोन नळ्यांतलं द्रव्य समसमान कालवून सुईच्या टोकाने भोकात थेंबभर, वाटीत थेंबभर. मोती दाबून बसवायचा आणि बाहेर आलेलं लगेच ओल्या कापडाने टिपायचं. त्यानंतर वाटीभर तांदळात अंगठी उभी रोवून चोवीस तास कोणी हात लावायचा नाही.

भाचीच्या नव्या अंगठीचंही तसंच केलं. ती त्याच संध्याकाळी मागत होती, दुसऱ्या दिवशी एका लग्नाला जायचं होतं. मी दिली नाही. तिच्या हातात माझ्या सासूबाईंची अंगठी घातली आणि म्हटलं, ही घालून जा, आल्यावर पुसून दे. तिने आणून दिली तेव्हा पुसलेली होती, वायलच्या तुकड्यात गुंडाळलेली.